स्पॅनिशमधलं ‘जरा काम होतं’

त्या गुरुवारी शाहूपुरीतल्या नेट कॅफेत व्हिडिओ चौथ्या मिनिटावर येऊन अडकला तो अडकलाच... स्क्रीनवर स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबलेल्या, आणि मी हेडफोन गळ्यात टाकून त्यांच्यापुढे तशीच बसलेली.

ही दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघायचे. स्पेनच्या एका कंपनीची ऑर्डर मिळाली आणि आमच्या मालकांनी फर्मान काढलं, की तू स्पॅनिश शीक. कोल्हापुरात तेव्हा स्पॅनिश शिकवणारं कुणी मला तरी सापडलं नाही... मग ऑफिस सुटलं की हा कॅफे आणि व्हिडिओतल्या या बाई.

सगळं मजेत चाललं होतं, पण आमचा पहिलाच लॉट नापास झाला. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागांत, बारीक छिद्रं निघाली. चूक आमचीच. आता दुसरं सॅम्पल पाठवायची परवानगी मिळाली तरच ऑर्डर राहणार होती, आणि या ऑर्डरसाठी नव्याने घेतलेली अठरा माणसंही.

मालक म्हणजे अस्सल कोल्हापुरी. मी मेल लिहायला बसले तर खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "लाजायचं कशाला? आमास्नी आनि एक चानस पायजे, असं सरळ लिव की." मी सरळ लिहिलं. ‘किएरो’ म्हणजे ‘मला पाहिजे’. त्याचं ‘आम्हाला पाहिजे’ केलं आणि दिलं पाठवून... वर स्वतःवरच खूश.

आठ दिवस झाले तरी उत्तर नाही. कंपनीच्या बसमध्ये मोल्डिंग खात्यातले दत्तामामा माझ्या शेजारी बसायचे. त्या अठरांपैकीच एक, जुनी नोकरी सोडून इकडे आलेले. ते रोज एवढंच विचारायचे, "आलं व्हय पत्र?" मी नाही म्हणायचे, आणि मग कागल येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसायचो.

तर त्या गुरुवारचा धडा होता पास्ट सबजंक्टिव्ह. बाई सांगत होत्या, रूप भूतकाळाचं, पण बोलणं आत्ताचं. जे झालेलं नाही, ज्याची नुसती इच्छा आहे, ते या रूपात येतं. कुणाकडे काही मागायचं असेल तर ‘किएरो’ म्हणू नका, ‘किसिएरा’ म्हणा... आणि का, ते सांगायच्या आत व्हिडिओ थांबला.

मी जाम वैतागले. मागायचंय आत्ता, तर मध्ये हा भूतकाळ कशाला? वहीत तीनदा ‘किसिएरा’ लिहिलं आणि तीनदा खोडलं.

तेवढ्यात कॅफेवाल्या अण्णांनी फोन लावला. अण्णा मूळचे निपाणीकडचे, घरात कन्नड आणि दुकानात मराठी. आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल. त्यांना लग्नकार्यासाठी एका पाहुण्यांकडे त्यांची गाडी मागायची होती. आणि फोन उचलला गेला तसा त्यांचा तो आवाज एकदम निम्म्यावर आला... "स्वल्प केलस इत्तु री."

एवढं कन्नड मला कळत होतं. थोडं काम होतं.

होतं?

फोन झाल्यावर मी विचारलं, अण्णा, काम कधी होतं? ते म्हणाले, कधी म्हंजे, आत्ताच हाय की. मग ‘होतं’ कशाला म्हणालात, मी हट्टानं विचारलं. त्यांनी हातातला फोन खाली ठेवला.

"मागायचं आसलं की ‘हाय’ कसं म्हनायचं? ‘हाय’ म्हटलं की हुकूम हुतोय."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. शेजारी साखर मागायला गेलं तरी आपण दारात उभं राहून ‘जरा काम होतं’ म्हणतो... आयुष्यभर म्हणत आले होते मी, आणि एकदाही ऐकलं नव्हतं. कुठलं स्पेन, कुठली निपाणी, कुठलं आमचं कोल्हापूर! ना ओळख ना पाळख, पण हात पुढे करायची वेळ आली की तिन्हीकडचा माणूस क्रियापद घेऊन एक पाऊल मागे सरकतो. हे कुणी ठरवलं असेल?

अण्णा गिऱ्हाइकाकडे वळले होते. त्यांना पत्ताही नव्हता की त्यांनी मला काय देऊन टाकलंय.

दुसऱ्या दिवशी मालकांना न विचारताच मी नवा मेल लिहिला. चूक आमची आहे हे आधी लिहिलं. मग, ‘किसिएरामोस’... आम्हाला तुमच्याकडे आणखी एक संधी मागायची होती.

मंगळवारी उत्तर आलं. सॅम्पल पाठवा. खाली त्या इंजिनिअरनं लिहिलं होतं, की पहिलं पत्र वाचून वाटलं होतं, ही माणसं भांडायला उठलीत. मी मोठ्यानं हसले आणि मग डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये दत्तामामांनी तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, आलं. ते "बरं झालं" एवढंच म्हणाले, आणि कागल येईपर्यंत डोळे मिटून बसले.

त्या संध्याकाळी कॅफेत जाऊन मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी न अडकता शेवटपर्यंत चालला... बाईंच्या धड्याखाली मी आयुष्यातली पहिली स्पॅनिश कमेंट लिहिली. कितीतरी सांगायचं होतं, पण येत होतं तेवढं एकच वाक्य. मराठीत ते असं होतं...

मला तुमचे आभार मानायचे होते.