साहेबराव, भीमराव आणि रिॲक्टरचं टेम्परेचर

वाळूजच्या एका केमिकल प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो. रिॲक्टरचं टेम्परेचर जागेवर राहावं म्हणून कंट्रोलरची तीन बटणं अचूक लावायची, ह्याला म्हणायचं ट्यूनिंग. ऐकायला सोपं! पण तिथली माणसं अशी, की घरी पोचलो की बायको पाणी द्यायच्या आधी विचारायची, "आज काय केलं त्यांनी?"

एकदा तीन दिवस खपून ट्यूनिंग केलं. चौथ्या सकाळी बघतो, तर तिन्ही बटणं सरळ वर!

"कोणी हात लावला?"

"म्या," पिशोरहून येणारा ऑपरेटर साहेबराव म्हणाला. "तिन्हींची तोंडं तीन दिशेला व्हती. पुसता पुसता नीट केली."

*

प्लांट बघायला पाहुणे येणार होते. टेम्परेचरची रेघ कागदावर काढणारा रेकॉर्डर दाखवत मॅनेजर पॅनलवरच्या ऑपरेटरला, भीमरावला म्हणाले, "रेकॉर्डरवर रेघ सरळ पाहिजे!"

रेघ खरंच सरळ आली. पाहुणे खूश. मी जवळ जाऊन पाहिलं, तर पेनाला चिकटपट्टी!

भीमराव शांतपणे म्हणाला, "सरांनी रेघ सरळ मागितली. टेम्परेचर कुठं मागितलं?"

*

रिॲक्टरला सत्तर अंश हवेत, तर साहेबराव कंट्रोलरवर ऐंशी लावायचा. म्हणे लवकर तापतं! मग टेम्परेचर सत्तर ओलांडून सुसाट.

"अरे, आधीच आवरायला नको का?"

"व्हय की! मेंढरं बी पिकात शिरायच्या आधीच वळवावी लागत्यात," घरची मेंढरं राखलेला हा माणूस मलाच समजावू लागला. आणि पुन्हा ऐंशी लावले!

*

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. भीमराव मोर्च्यात जायचा, साहेबराव विरोधात. एका डब्यात जेवणारे दोघं बोलेनासे झाले.

बंदच्या दिवशी दुपारची शिफ्ट आलीच नाही. प्लांटवर आम्ही तिघंच, आणि नेमका कंट्रोलर बंद पडला! आता भीमराव वर आकडा बघणार, साहेबराव खाली थंड पाण्याचा वॉल्व्ह हातानं फिरवणार.

"साहेब, त्यांना सांगा, दोन फेरे उघडा."

मी जिना उतरून सांगायचो.

"त्यांना सांगा, उघडलं."

मी परत वर. तोवर आकडा भलतीकडेच! चौथ्या खेपेला माझा दम संपला. मी जिन्यातच बसकण मारली. "मरा तिकडं दोघं!"

टेम्परेचर चढतच होतं. लाल दिवा लागला.

आणि वरून हाक आली, "साहेबराव! उघड रे लवकर!"

"किती?"

"दोन! अजून एक! बस, बस... अर्धा मागं घे!"

संध्याकाळपर्यंत दोघांचं हे असंच चाललं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर रेकॉर्डरचा कागद बघून थक्क. "सुरुवातीची उडी सोडली, तर कंट्रोलर बंद असताना टेम्परेचर इतकं स्थिर? काय केलंस काय तू?"

"काही नाही, सर. जिन्यात बसलो होतो."