कुंदाबाई माझ्याच गेटाला कुत्री बांधायची

कुंदाबाईच्या फोटोला हार्ट टाकणाऱ्यांनो, तुमच्यातल्या निम्म्या लोकांची कुत्री तिनं माझ्या गेटाला बांधली होती.

नावं घेत नाही. ज्याची त्याला माहीत आहेत.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली. दरवर्षी याच दिवशी तोच फोटो फिरतो, खाली "मुक्या जिवांची माय". सकाळपासून बघून बघून डोकं उठलं, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

आर्वीत आमचा कुत्र्यांचा धंदा होता. पामेरियन.

नव्वदनंतरची गोष्ट. ज्याच्या घरी कलर टीव्ही आला, त्याला पांढरं पामेरियनही पाहिजेच. सोफ्यावर शोभेसाठी. आमच्या सोनी कुत्रीची पिल्लं डोळे उघडायच्या आधीच बुक व्हायची.

कुंदाबाई दोन गल्ल्या सोडून राहायची. ब्लाऊज शिवायची. एकटी, आणि घरभर रस्त्यावरची कुत्री.

तिचं म्हणणं एकच. गावातल्या कुत्र्यांना खायला नाही आणि ही बाई अजून पैदा करते.

माझं म्हणणंही एकच. चोरी करत नाही, घर चालवते.

एकदा तिनं नागपूरची प्राणीवाली पोरं जीप भरून आणली. माझ्या गेटासमोर घोषणा. "कुत्र्यांचा बाजार बंद करा!" मला राक्षसीण म्हणून झालं, चहा पिऊन झाला, पोरं परत गेली.

कुंदाबाई इथंच राहिली. तोच तर त्रास होता.

कारण लोक काय करायचे? हौसेनं पिल्लू न्यायचे. मग बदली झाली, दिलं सोडून. सुनेला दिवस गेले, दिलं सोडून. एसटी डेपोत, नाहीतर कापसाच्या मार्केटमागं.

कुंदाबाई ते उचलायची, जुन्या साडीचा काठ फाडून गळ्यात बांधायची, आणि सरळ माझ्या गेटाला.

"मंगले! बाहेर ये. तुहा माल परत आला."

"बाई, इकलेला माल मी परत घेत नसतो."

"बटाटे हायेत का हे?"

"सरकी इकणारा मंग वावरात पीक पाह्यले येते का?"

"सरकी डेपोत बसून रडते का?"

मी गेट आपटायची.

बर्फीच्या वेळी तर हद्दच झाली.

बर्फी सोनीचीच पोरगी. एका कापड दुकानवाल्यांनी नेली होती. त्यांचा मुलगा भारी हौशी, तिला कडेवर घेऊन गल्ल्यावर बसायचा. मग त्यांनी नवीन घर बांधलं, काळं ग्रॅनाइट टाकलं. काळ्या फरशीवर पांढरे केस दिसतात.

बर्फी डेपोत.

कुंदाबाईनं ती हिरव्या काठानं माझ्या गेटाला बांधली. मी सोडली आणि तिच्या दाराला नेऊन बांधली. दुसऱ्या दिवशी परत माझ्या गेटाला. असं किती दिवस चाललं! आज बर्फी कोणाकडं, हे बघायला गल्लीतली माणसं चहा घेऊन ओट्यावर बसायची.

शेवटी मी म्हटलं, "ज्यानं सोडली त्याच्या दुकानाले बांधा नं, बाई. माह्याच गेटाले काऊन?"

"बांधली होती. त्यायनं नोकराकून गावाबाहेर नेऊन टाकली. तू शिव्या देते, पण पाणी ठेवते. मी पाह्यतो नं कोपऱ्यावरून."

मला इतका राग आला. कुत्रं बांधायचं आणि वर कोपऱ्यावर उभं राहून पाळत ठेवायची?

बर्फी शेवटी तिनं ठेवली. आमचं बोलणं बंद.

पुढं लोक लॅब्राडोर मागायला लागले, पामेरियनला कोणी विचारेना, धंदा बसला. फॅशननं बसला. कुंदाबाई गावभर सांगायची, "मी बंद पाडला." खोटं आहे. इथं लिहून ठेवते.

मग ती गेली.

ही गर्दी! जन्मभर "कुत्तेवाली" म्हणून हसलेली माणसं हार घेऊन उभी. बर्फी दाराला त्याच हिरव्या काठानं बांधलेली. म्हातारी झाली होती, दोन्ही डोळ्यांत पांढरं आलेलं. जो तो तिला ओलांडून आत जात होता.

यवतमाळहून आलेला भाचा म्हणाला, "बाकीची कुत्री गल्लीत जगतीन. या आंधळीले कोण पाह्यीन?"

सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

तेवढ्यात कापडवाल्यांचा तो मुलगा आला. आता मालक झालेला, पोट सुटलेला. बर्फी ताडकन उठली. दिसत काही नव्हतं, वासावर उठली. शेपटी हलवत त्याच्या पायाला नाक लावलं.

"हाड! कोणाचं हाय हे?"

मी म्हटलं, "तुमच्याच सोफ्यावरचं हाय. ओळखलं नाई?"

"काकू, हा काय टाइम हाय का?"

"मंग टाइम कवा असते?"

त्यानं आत जाऊन हार घातला, फोटो काढला.

आज सकाळी तिचा फोटो पहिला त्यानंच टाकला. मुक्या जिवांची माय.

त्या दिवशी मी बर्फीला सोडलं आणि भर बाजारातून घरी आणलं. गेटाला बांधलं, त्याच काठानं. गाठ मारताना सवयीनं मान वर झाली, कोपऱ्याकडं बघितलं.

कोणी नव्हतं.

बर्फी माझ्याकडं दोन उन्हाळे राहिली. तिसरा तिला झेपला नाही.

पाणी ठेवत होते, बाई. दोन्ही उन्हाळे.

आता कोपऱ्यावरून हला. आणि तिथं वर कोणाचं गेट दिसलं, तर आधी विचारून बांधजा.

तुमच्या मंगलीचा नमस्कार.