सर्वानुमते मंजूर

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. ग्रामसेवकाला गाव भाऊसाहेब म्हणतं आणि राबवतं गड्यासारखं. ग्रामसभेला माणसं कधीच पुरत नसत. मग चार दिवस आधी मीच रजिस्टर काखेत मारून दारोदार सह्या गोळा करायचो. आधी सह्या, मग सभा, मग ठराव. सगळेच असं करतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

यात्रेआधीची सभा होती. देवळाशेजारी बांगड्यांचं दुकान मांडणाऱ्या मुसलमान चाचीकडे गेलो. यात्रेत देवीला पहिला चुडा तिच्या घरून जायचा, हा मान तिच्या सासूच्या सासूपासूनचा. चाची काष्टीच्या बाजाराला निघाली होती. तरी टोपली खाली ठेवून तिने सही केली, कशाची ते विचारलंही नाही. वर मला चहा पाजला.

सभेला भलतीच गर्दी झाली. निम्मे चेहरे मी कधी पाहिले नव्हते. सरपंचांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. यात्रेच्या जागेत दुसऱ्या धर्माच्या कुणालाही दुकान लावू द्यायचं नाही, असा ठराव होता.

"सरपंच, हे आपल्याला करता येत नाही," मी हळूच म्हणालो. "पंचायत सरकारी आहे. सरकारला धर्म नसतो."

"सरकार कुनाचं हाय, भाऊसाहेब? गावाचंच न्हवं? तुमी फकस्त लिवा."

मागे कुणीतरी दार लोटून घेतलं. मी घाबरलो, सरळ सांगतो, घाबरलो. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द माझ्या हाताच्या इतके सवयीचे, की पेन थांबलंच नाही. मग मागचं पान उलटलं तेव्हा चाचीची सही दिसली. तिला हाकलायच्या ठरावाला तिचीच संमती झाली होती. पान फाडावंसं वाटलं. पण पायरीपाशी अनोळखी पोरं मोटरसायकलींना टेकून उभी होती, आणि मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.

चाचीने तालुक्याला तक्रार केली. तिथल्या गटविकास अधिकारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि रजिस्टर तिच्यापुढे धरलं.

"ही सही तुमची?"

"माझीच हाय, साहेब. पन मी सभंला नव्हते. भाऊसाहेब आदी घरी आल्ते सहीला. त्यांनाच इचारा की."

ती निर्धास्त होती. माझ्यावर तिचा भरवसा होता, आणि त्याचाच मला राग येत होता. खरं बोललो तर खोट्या हजेरीपायी नोकरी जाणार होती. शिवाय खाली जीपमध्ये सरपंच बसले होते, मला गावी परत न्यायला.

"बाई सभेला हजर होत्या का?" साहेबांनी मला विचारलं.

"होत्या," मी म्हणालो.

चाची माझ्याकडे बघत राहिली. मी साहेबांच्या टेबलाकडे बघत होतो. यात्रा तिच्याविना झाली.

पुढच्या महिन्यात सरपंचांनी आणखी एक टाईप केलेला कागद आणला. कुठल्या धर्माच्या माणसांना गावात घर भाड्याने द्यायचं नाही, ते त्यात लिहिलं होतं. चाचीचं घर भाड्याचंच होतं.