गंगारामाच्या टेकण्याची जागा

लवू मुंबईहून परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात एक घडीचा, भात्याचा कॅमेरा होता. तिथल्या एका फोटोच्या दुकानात त्याने बरीच वर्षं अंधारखोलीत फोटो धुण्यात काढली होती. औषधांच्या वासाने छाती धरली, मालकानेही दुकान बंद करायचं ठरवलं, आणि निघताना हा जुना कॅमेरा त्याच्या हातात दिला. साल छप्पन्न असेल. कुणकेश्वरच्या पलीकडची त्याची वाडी समुद्राला लागूनच. थोरला भाऊ तुकाराम होडी घेऊन मासे धरायला जायचा. लवूला ती मेहनत झेपणारी नव्हती, म्हणून तो लग्नामुंजींचे फोटो काढू लागला.

पण रोलमध्ये शेवटचे एक-दोन फोटो उरले की तो गुपचूप बाहेर पडे. दुपारच्या सामसूम वाडीत हिंडे. दोराने घासून खाचा पडलेला विहिरीचा काठ, बोटांनी गुळगुळीत झालेली दाराची कडी, मधोमध खोलगट झालेला उंबरठा, दिव्याच्या काजळीने काळा झालेला कोनाडा. अशा एकेका जागेसमोर तो उकिडवा बसे आणि ऊन सरकायची वाट बघे. माडांच्या सावल्या भिंतीवरून हळूहळू जात. लाटांचा आवाज इतका सारखा असायचा की तो ऐकू येईनासा होई. अशा वेळी लवूला वाटे, घरातली माणसं आत्ताच उठून कुठेतरी गेली आहेत आणि त्यांचा हात अजून त्या कडीवर आहे.

"कोयंड्यांचे फोटो काडून कोण पैशे देतलो रे, लवू?" तुकाराम विचारायचा.

"कोण नाय," लवू म्हणायचा. तुकाराम मग जाळं उचलून होडीकडे जायचा.

एकदा शेजारच्या घरातली हिरा त्याच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. तिचा नवरा गंगाराम तापाने जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मुलीचं, मथुराचं, लग्न कसाल गावच्या एका घरात ठरलं होतं आणि घर सारवायचं, रंगवायचं काम निघालं होतं.

"लवू, माजा एक काम आसा," ती म्हणाली. "उद्या भिंतीक चुनो लावतले. त्याच्या आदी एक फोटो काडशीत?"

"कोणाचो?"

हिराने आपल्या पडवीकडे बोट दाखवलं. "भिंतीचो."

लवू तिच्याबरोबर गेला. पडवीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथे, तेलकट गोल डाग होता. गंगाराम रोज तिथे पाठ टेकून जाळी विणत बसायचा. खोबरेल लावलेलं डोकं मागे टेकायची त्याची सवय लवूलाही आठवत होती. डागाच्या खाली खांद्यांनी चुना झिजला होता. जवळच दोरा अडकवायचा खिळा होता.

"तेंचो एकव फोटो नाय," हिरा म्हणाली. "काडूया, काडूया म्हणत रवलो. आता ह्या तेवडाच आसा."

"आत्ता उजेड सपाट आसा. ऊन खाली येवंदे," लवू म्हणाला आणि पायरीवर बसला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

दोघं बसून राहिली. हिरा मधूनमधून बोलत होती. गंगाराम विणताना गुणगुणायचा. सूर लागत नसे, तरी थांबायचा नाही. जेवायला हाक मारली की 'हो' म्हणायचा आणि हलायचा नाही. बोलता बोलता तिचा आवाज मंद झाला. समुद्रावरून मावळतीचं तिरपं ऊन पडवीत शिरलं आणि भिंतीवरचा डाग मधासारखा चमकू लागला. झिजलेल्या चुन्यात खांद्यांचा आकार उमटला.

तेवढ्यात दिवसभर सारवून दमलेली मथुरा आतून आली. कॅमेरा तिने पाहिलाच नाही. ती भिंतीशी बसली, डोळे मिटले आणि मान मागे टाकली. तिचं डोकं डागाला लागूनच, जरासं बाजूला टेकलं.

हिरा तिला उठवायला निघाली, पण अर्ध्यावर थांबली. तिने लवूकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. लवूने श्वास धरला आणि खटका दाबला.

दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी झाली. लवूने खोलीच्या खिडकी-दाराला घोंगड्या लावून अंधार केला आणि फोटो धुतला. ओल्या कागदावर आधी मथुरा दिसली, मग तिच्या शेजारी हळूहळू तो डाग. त्याने दोन प्रती काढल्या. एक हिराने ठेवली, दुसरी मथुरा सासरी घेऊन गेली.

नंतर लोक त्याला आपणहून बोलवू लागले. कुणाची चूल मोडायची असे, कुणाचं दार बदलायचं असे. फोटो घेऊन ते फार बोलत नसत, नुसते बघत बसत.

पासष्टच्या सुमारास लवू एका लग्नाला कसालला गेला, तेव्हा मथुराकडे डोकावला. ओटीवर तो फोटो टांगलेला होता. तिचा धाकटा मुलगा आधी मथुरावर, मग डागावर बोट ठेवून लवूला म्हणाला, "ही आई, आणि हो आजो." लवू चहा पीत बराच वेळ बघत राहिला. त्यालाही तिथे दोन माणसं दिसत होती.

घरी येऊन त्याने हिराला सगळं सांगितलं. ती शिंपल्यांतली कालवं फोडत बसली होती.

"खंयच्या भिंतीर लायलो हा?" तिने विचारलं.

"उगवतीच्या. सकाळचा ऊन पडता त्याच्यार. फोटो पुसट होत जातलो हळूहळू, तिका सांगाक व्हया होता."

हिराने हातातलं कालव फोडून वाडग्यात टाकलं. "रवांदे," ती म्हणाली. "हंय पडवीत बसान तेंका सकाळचा ऊन कदी गावलाच नाय."

लवू तिच्यासमोर बसला आणि कालवं फोडू लागला.