हंबाई

मला माझ्या थोरल्या बहिणीचा एक ‘हं’ हवा होता. जास्त नाही, एकच. ताई गेल्यावर घरात तिचा चष्मा राहिला, चपला राहिल्या, तिनं लिहिलेली दोन जाडजूड पुस्तकं राहिली. आवाज तेवढा कुठेच नव्हता. जिनं उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज गोळा करण्यात घालवला, तिच्या आवाजासाठी मला वणवण करावी लागली.

ताईचं काम नेमकं काय, हे मला कधी धड सांगता आलं नाही. मी कपडे शिवणारी बाई. गिऱ्हाईक विचारायचं, “तुमची बहीण करते तरी काय?” मी म्हणायची, “म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकते आणि त्याचा पगार घेते.” बायका म्हणायच्या, “मग आमच्या सासूला घेऊन जा की!” ताईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला चहा माझ्या नव्या कापडावर सांडला.

ती विद्यापीठात होती. खाणीवरच्या, होड्यांवरच्या, मेंढ्यांमागे फिरणाऱ्या बायकांकडे जायची, त्यांच्या घरात राहायची, गोष्टी टेपवर उतरवून घ्यायची. ही गोष्ट तुला कुणी सांगितली, कुणासमोर सांगायची नाही, सासरी आल्यावर तू तिच्यात काय बदललंस, असलं सगळं खोदून विचारायची. खांद्यावर ते टेपरेकॉर्डरचं धूड. लग्नाचं विचारलं की म्हणायची, “आधीच एवढं ओझं आहे, आणखी एक कुठे वाहू?” आईनं कपाळाला हात लावला आणि पुढे तो विषय सोडला.

मुळात ताई जन्मली तीच ऐकायला. लहानपणी आम्ही एका अंथरुणात निजायचो. मी बडबडी, अखंड चालू. ती नुसती ‘हं’ म्हणायची. आई वैतागून म्हणायची, “एकीच्या तोंडाला कुलूप नाही आणि दुसरीच्या तोंडाला किल्ली नाही.” पण त्या ‘हं’मध्ये काय जादू होती कोण जाणे. एक ‘हं’ पुढे काय झालं असं विचारायचा, एक म्हणायचा, मला आधीच वाटलं होतं. आणि एक इतका मऊ होता की तो ऐकला की आपण कुणाला न सांगितलेलं सांगून मोकळं व्हावं. होडीवरच्या बायका तिला हंबाई म्हणायच्या. समोर कुणी हुंकार देत नसेल तर गोष्ट सांगणाऱ्या बायका मध्येच थांबतात म्हणे. ताईसमोर कुणी थांबलं नाही.

आणि तोच हुंकार तिनं कापून टाकला. मला आजही त्या विभागप्रमुखाचा राग येतो. ताई नोकरीत नवी असताना चारचौघांसमोर तिनं टेप लावली, तर हे गृहस्थ म्हणाले, “बाई, यात गोष्ट कुठंय? मला तर एक कबूतर घुमताना ऐकू येतंय.” सगळे हसले. ऐकणाऱ्याचा आवाज म्हणजे नोंदीतला कचरा, अशीच त्या काळची शिकवण होती. ताईनं ते मनाला लावून घेतलं.

नवरा गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा दर रविवारी हाच उद्योग चाललेला असायचा. जेवणाच्या टेबलावर ब्लेड, चिकटपट्टी आणि कानाला हेडफोन. जिथे जिथे स्वतःचा ‘हं’ किंवा प्रश्न, तिथे तिथे फीत कापायची आणि तेवढ्याच मापाची कोरी फीत जोडायची. मापासाठी माझी शिवणाची टेप पळवायची. मी म्हणायची, “अगं, नुसती जोडून टाक की. कोरी कशाला घालतेस?” तर म्हणायची, “म्हातारी जिथे दम घ्यायला थांबली, तिथे थांबलीच पाहिजे. तिचा श्वास मी कसा तोडू?” दुसऱ्याच्या श्वासाची एवढी काळजी! स्वतःच्या आवाजाचे तपकिरी तुकडे मात्र जमिनीवर, माझ्या दोऱ्यांच्या कातरणात. केर काढताना सगळं एकदमच सुपलीत जायचं.

निवृत्तीच्या सुमारास वारं फिरलं. एका विद्यार्थिनीनं तिला भरसभेत विचारलं, “मॅडम, गोष्ट तर दोघींची असते. सांगणारीची आणि ऐकणारीची. मग तुमच्या टेप्समध्ये तुम्ही कुठे आहात?” पोरीचा हेतू वाईट नव्हता. ताई घरी आली, जेवली नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “मी चुकीचा कचरा काढला गं.” बस, एवढंच. परत तो विषय काढला नाही.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द म्हणून एकही उरला नाही. उरला तो फक्त ‘हं’. डॉक्टर म्हणाले, “त्याला फार अर्थ नसतो, तो आपोआप निघतो.” डॉक्टरांना काय कळतंय! मी तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसायची, गुंड्या शिवायची आणि बोलत राहायची. शेजारणीची भांडणं, कापडाचे भाव, काय वाट्टेल ते. ती बरोबर जागच्या जागी ‘हं’ म्हणायची.

एकदा शिवता शिवता माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं ते. म्हटलं, “ताई, माझं बाळ गेलं तेव्हा तू आली नाहीस. मी निरोप पाठवला होता. तू कुठल्या तरी डोंगरावर लोकांच्या गोष्टी ऐकत बसली होतीस. माझं कोण ऐकणार होतं गं?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. डावा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “हं.”

तो काही आपोआप निघालेला नव्हता. मी तिची बहीण आहे, मला कळतं. माझा इतक्या वर्षांचा राग त्या एका ‘हं’नं काढून घेतला. नंतर थोड्याच दिवसांत ती गेली, आणि मला वेड्यासारखा तोच परत ऐकावासा वाटू लागला.

म्हणून मी विद्यापीठात गेले. तळघरातल्या खोलीत ताईच्या टेप्स ठेवल्या आहेत. तिथला ध्वनिसंग्रह सांभाळणारा माणूस भला. त्यानं टेपमागून टेप लावली. कुठे कुत्रं भुंकतंय, कुठे भांडी घासताहेत, कुठे पोर किरकिरतंय. सगळे आहेत, ताई नाही. शेवटी त्यानं मान हलवली. “नाही सापडायच्या, मावशी. बाईंचं काम फार स्वच्छ. आम्ही नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो.” बिचारा कौतुकानं सांगत होता. मला तिथेच रडू फुटलं. तो गडबडला, पाणी आणायला बाहेर गेला.

टेप चालूच होती. एक म्हातारी होडीवाली गोष्ट सांगत होती. एका बाईचं पोर नदीनं नेलं, तिनं दारोदार जाऊन सांगितलं, कुणी ऐकलं नाही, अशी काहीशी. सांगता सांगता म्हातारी मध्येच थांबली आणि म्हणाली, “ऐकतेयस ना गं, बाई?”

पुढे कोरी फीत फिरत राहिली. ताईनं माझ्या टेपनं मापून घातलेली.

मला ती शांतता सोसवेना. मी डोळे पुसले, यंत्राकडे वाकले आणि म्हणाले, “हं.”

“मग ऐक,” म्हातारी म्हणाली आणि पुढे सांगू लागली.