लांब पडलेला स्टँड
झेंडू कुस्करल्याचा वास आला की मला उत्तरेत जानकीपुरमला असलेल्या आमच्या घरासमोरचा तो दसरा आठवतो. मी नुकतंच माझ्या डर्ट बाईकचं सस्पेन्शन खाली करून घेतलं होतं, गुळगुळीत टायर चढवले होते आणि मित्रांना ऐटीत सांगितलं होतं की हे सगळं सुपरमोटोसाठी, म्हणजे डर्ट बाईकच्या डांबरावरच्या शर्यतींसाठी, गाडी खाली असली की वळणावर पक्की बसते. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, हेडलाइटवर हार चढवला आणि ओवाळता ओवाळता ती तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत कौतुकाने मित्रांना म्हणाली, "अच्छा हुआ नीची कर ली, पहले इसके पैर ही नहीं टेकते थे." सगळे खो खो हसले. माझे कान तापले. "मम्मी, आप अंदर जाइए," मी म्हणालो. ती तबक घेऊन वळली, आणि मी रागाने सीटवर हात आपटला. गाडी खाली केली की स्टँडही कापून आखूड करावा लागतो, ते माझं राहून गेलं होतं. लांब पडलेल्या स्टँडवर जवळजवळ सरळच उभी असलेली गाडी हारासकट पलीकडे रांगोळीवर कोसळली. आई दारातून धावत परत आली. "माझाच धक्का लागला असेल रे, मघाशी हार घालताना," ती म्हणाली. मित्र माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हाँ, देखकर किया करो ना." स्टँड मी दुसऱ्याच दिवशी कापून घेतला. आई मात्र अजूनही दसऱ्याला हार माझ्या हातात देते आणि गाडीला लांबूनच ओवाळते.