उपासाच्या शुक्रवारी दशमी

आमच्या चर्चमधल्या बायकांना बायबलातल्या सारेचा विश्वास फार प्रिय. नव्वदाव्या वर्षी मूल झालं ना! तिच्या दासीचं, हागारेचं नाव निघालं की मात्र सगळ्या चष्मे पुसायला लागतात. दासीला आपणच नवऱ्याकडे धाडायचं आणि मग पोरासकट उन्हात हाकलायचं, त्यावर कुणी साक्ष देत नाही.

मला अकरा वर्षं मूल नव्हतं. सासूनं अकरा वर्षं दर शुक्रवारी मला उपाशी ठेवलं, सारेचं नाव घेऊन. दिवसभर कांदा खुरपायचा, भाकरी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. सासू गेली, मी शुक्रवारी जेवायला लागले आणि पुढं मुलगा झाला. देवानं दिला हे मानते. उपासानं दिला हे मानत नाही.

आता त्याच मुलाच्या बायकोला चार वर्षं मूल नाही. महिला मंडळानं तिलाही शुक्रवार लावून दिले. गेल्या महिन्यात ती रानात चक्कर येऊन पडली. मी म्हटलं, "सोड उपास." तर म्हणाली, "आत्या, बायका म्हणतील हिचा विश्वासच न्हाई." मुलाला म्हटलं, तूही तपासून घे. "मला काय झालंय?" म्हणाला. पुरुषांना कधी काही झालेलंच नसतं.

पुढच्या शुक्रवारी मंडळाच्या प्रार्थनेत पाळकीणबाईंनी, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या बायकोनं, मलाच साक्षीला, अनुभव सांगायला, उभं केलं. "आजी म्हंजी आमची सारा. सांगा आजी, उपासानं काय झालं?"

"पित्त झालं," मी म्हटलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"सारा तरी कुठं उपाशी हुती? पाहुण्यांसाठी भाकरी भाजत हुती. पोर हुनार म्हनल्यावर दाराआड हसली. वर खोटं बोलली, मी न्हाई हसले. तरी देवानं दिलं. माझी सून हसली न्हाई, खोटं बोलली न्हाई, अन् तिचाच विश्वास कमी व्हय?"

"म्हातारी भरमिष्ट झाली," पुढच्या बाकावरची पुटपुटली. ऐकू यावं इतक्या मोठ्यानं.

मी पिशवीतून दशमी काढली आणि शेजारी बसलेल्या सुनेच्या हातात दिली.

"आजी, आज शुक्रवार हाय," पाळकीणबाई म्हणाल्या.

"म्हाईत हाय. म्हनून तर आनली."

सून दशमीकडं बघत बसली. बायका तिच्याकडं. मग तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला.

"आत्या, चटणी न्हाई आनली?"

"पुढच्या शुक्रवारी आनते," म्हटलं आणि खाली बसले.